शब्दचर्चा : ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ यांत नेमका फरक काय?

मुद्रितशोधक : बातम्यांत आज ‘तिघांना ताब्यात घेतले’ असं येतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच तिघांना ‘अटक’ होते. मधल्या काळात ती माणसं कायद्याच्या दृष्टीनं कुठे असतात? आमच्याकडे वार्ताहरांसाठी लेखननियम तयार करायचं काम चालू आहे. ‘कोठडी’, ‘स्थानबद्ध’, ‘नजरकैद’ हेही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात, त्यामुळे जाणकारांनी नीट उलगडून सांगावं.

कलमकसाई : गुन्ह्याच्या तपासापुरतं बोलायचं तर मधली अशी जागाच कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांकडे दोन मार्ग आहेत. एक, माणसाला बोलावणं : साक्षीदाराला कलम १७९ खाली, संशयिताला कलम ३५(३) ची नोटीस देऊन (पोलीस ठाण्यात तिला ‘समजपत्र’ म्हणतात). बोलावलेला माणूस स्वतःच्या पायानं येतो आणि उठून जाऊ शकतो. दुसरा मार्ग अटकेचा. त्याला जाऊ देत नसाल तर ती अटकच झाली, मग नोंदवहीत काहीही लिहिलेलं असो. मुंबई उच्च न्यायालयानं १९९० सालीच हे सांगितलं आहे. स्वातंत्र्यावर निर्बंध आला त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्यानं कागदावर वेळ घातली तेव्हा नाही.

हे महत्त्वाचं अशासाठी की राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(२) मधली, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याची २४ तासांची मुदत (प्रवासाचा वेळ वगळून) त्या क्षणापासून मोजायची असते.

आडवाटेचा : एक दुरुस्ती. कलम १७२ प्रमाणे पोलिसांचा कायदेशीर हुकूम न मानणाऱ्याला ताब्यात ठेवता येतं किंवा तिथून हलवता येतं. मग त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायचं, किंवा बाब किरकोळ असेल तर २४ तासांच्या आत सोडायचं. म्हणजे ‘आंदोलकांना ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडून दिले’ या वाक्यात तो शब्द अगदी बरोबर आहे. चोरीच्या संशयिताला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, तर त्याला तोच शब्द लावणं म्हणजे बेकायदा गोष्टीला सभ्य नाव देणं. लोकांच्या तोंडी त्याला ‘उचलला’ म्हणतात, आणि त्या शब्दात सक्ती तरी दिसते.

कलमकसाई : दुरुस्ती मान्य.

रिमांडयादी : नुकसान कुठे होतं ते सांगतो. समजा एखाद्याला सोमवारी पहाटे ५ वाजता घरून नेलं आणि स्टेशन डायरीत अटक मंगळवारी रात्री ९ ची दाखवली. मधले चाळीस तास कागदावर नाहीतच. बुधवारी हजर करताना २४ तासांचा नियम पाळलेला दिसतो. पण खरा घोटाळा वैद्यकीय तपासणीत होतो. कलम ५३ खाली अटकेनंतर लगेच तपासणी करायची असते, आणि डॉक्टरांनी जखमांसोबत त्या साधारण किती वेळापूर्वीच्या हेही लिहायचं असतं. डॉक्टरांनी ‘जखम अंदाजे दीड दिवसापूर्वीची’ असं प्रामाणिकपणे लिहिलं, तरी अटकेची वेळ मंगळवार रात्र असल्यानं ती जखम ‘अटकेपूर्वीची’ ठरते आणि पोलिसांचा तिच्याशी संबंधच उरत नाही. जो अहवाल माराचा पुरावा व्हायचा, तोच बचावाचा कागद होतो. चोवीस तास मोडण्यापेक्षा हे मला कितीतरी गंभीर वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानं (डिसेंबर १९९६) अकरा निर्देश दिले. त्यांत अटकेची वेळ आणि तारीख असलेलं टिपण, त्यावर नातेवाईक किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष, अटक झालेल्याची सही आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळं आहे. कागद बहुतेक वेळा पूर्ण असतो, वेळ मात्र सोयीची असते. न्यायाधीश हजर केलेल्याला ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ असं विचारतात, तेव्हा ज्यांच्याकडे त्याला परत जायचं असतं ते पोलीस शेजारीच उभे असतात. ‘तक्रार नाही’ एवढंच नोंदलं जातं.

म्हणून घरच्यांनी त्याच दिवशी वेळेचा पुरावा तयार करावा. ११२ ला फोन करावा. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त आणि स्थानिक न्यायालयाला ईमेल करून किती वाजता, कुठून, किती जणांनी, कोणत्या गाडीतून नेलं हे कळवावं. ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं असा लेखी अर्जही द्यावा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये ते १८ महिने, आणि तशी सोय नसेल तर किमान एक वर्ष साठवायला सांगितलं आहे. ‘कॅमेरा त्या दिवशी बंद होता’ हे उत्तर येण्याआधी अर्ज पोचलेला बरा.

मुद्रितशोधक : आणि कोठडी?

रिमांडयादी : पोलीस कोठडी म्हणजे पीसी, न्यायालयीन कोठडी म्हणजे एमसीआर; पहिलीत माणूस लॉकअपमध्ये, दुसरीत कारागृहात. ‘कोठडी सुनावली’ लिहू नका. सुनावतात ती शिक्षा, आणि इथे अजून खटलाच उभा नाही. ‘पोलीस कोठडी दिली’ पुरे. कलम १८७ नुसार पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, पण आता ती पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येते. त्यामुळे ‘न्यायालयीन कोठडीत रवानगी’ म्हणजे पोलिसांचा संबंध संपला, असं समजू नये.

आडवाटेचा : ‘स्थानबद्ध’ पूर्ण वेगळा. तिथे घडलेल्या गुन्ह्याचा तपास नसतो, पुढे काही करील म्हणून आधीच अडकवलेलं असतं, उदाहरणार्थ एमपीडीए या महाराष्ट्राच्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली. अनुच्छेद २२(३) मुळे २४ तासांचं संरक्षण अशा माणसाला नाही. पण बाकीचे हक्क जात नाहीत. मुंबईच्या तुरुंगातल्या एका स्थानबद्धानं अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं आणि सरकारनं हस्तलिखित बाहेर पाठवू दिलं नाही, तेव्हा १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. नजरकैद म्हणजे घरातच ठेवणं, तिला ‘स्थानबद्धता’चा पर्याय म्हणून वापरू नये.

कलमकसाई : तुमच्या नियमांत आणखी दोन शब्द घाला. ‘दंडाधिकारी चौकशीचे आदेश’ अशी बातमी येते, पण कोणते दंडाधिकारी? तहसीलदार आणि प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे प्रशासनाचाच भाग. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची, असं २००६ पासून बंधन आहे (आता कलम १९६). मात्र अहवालानंतर कोणी काय करायचं, हे ते कलम सांगत नाही. परभणीच्या डिसेंबर २०२४ च्या मृत्यू प्रकरणात गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला.

दुसरा शब्द ‘छळ’. कोठडीतला छळ या नावाचा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही. कबुलीजबाब उकळण्यासाठी दुखापत करणं, हे भारतीय न्याय संहितेचं कलम १२० त्यातल्या त्यात जवळचं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन (करार स्वतःवर बंधनकारक मानण्याची अंतिम मान्यता) अजून केलेलं नाही. आणि हो, मानवी हक्क आयोगाच्या निष्कर्षाला ‘आदेश’ म्हणू नका, १९९३ च्या कायद्यात शब्द ‘शिफारस’ आहे. तक्रारही घटनेपासून एक वर्षाच्या आतलीच चालते.

मुद्रितशोधक : म्हणजे ‘ताब्यात घेतले’ लिहिलं की पुढे किती वाजता, कुठून आणि कशाखाली, हे विचारायचंच. पोलीस वेळ सांगत नसतील तर?

रिमांडयादी : तर ‘पोलिसांनी वेळ सांगितली नाही, पहाटे पाच वाजता नेल्याचे कुटुंबीयांचे म्हणणे आहे’ असं छापा. जामिनाच्या अर्जाला वकील ते कात्रण जोडतात. एकट्या कात्रणानं वेळ सिद्ध होत नाही, पण अटक नोंदवण्याआधी छापलेली वेळ नंतर रचली, असं कोणाला म्हणता येत नाही.