सहा दुकानं, एक जिम आणि अप्पांचा खांब

सेक्रेटरी (ए-२०४): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 आपली इमारत पाडून नवी बांधायचा (पुनर्विकासाचा) विकसकाचा सुधारित प्रस्ताव काल हातात आला. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला सहा दुकानं, मागं जिम आणि सोसायटीचं ऑफिस, वर सात मजले. "पूररेषेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि कोल्हापूर महापालिकेची परवानगी ही आमची जबाबदारी" असं पत्रात स्पष्ट लिहिलंय. रविवारी दहाला सभा. वेळेवर या.

अमित (बी-४०१): एक नंबर. आता फाटे फोडू नका कुणी.

अप्पा (ए-१): २०१९ च्या महापुरात माझं कपाट पालथं झालतं. २०२१ ला गादी तरंगत दारापर्यंत आलती. जिममधले डंबेल तरी तरंगणार नाहीत, तेवढंच बरं.

सुनीता वहिनी (ए-१०२): परवानगी ते आणणार, पण कुणाच्या नावावर?

मेघा (बी-३०१): आपल्याच, वहिनी. जमीन सोसायटीची. ते कुलमुखत्यारपत्र घेऊन अर्ज करणार. उद्या काही चुकलं आणि एमआरटीपीच्या (नगररचना कायद्याच्या) कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची नोटीस आली तर ती मालकालाही येते.

अमित (बी-४०१): मेघाताई, तू आर्किटेक्टच्या ऑफिसात आहेस म्हणून विचारतो. आपण पूररेषेत आहोत का नाही? हो का नाही, एवढंच सांग.

मेघा (बी-३०१): दोन्ही 🙂 मागच्या आठवड्यात नगररचनातनं भाग नकाशा काढून आणलाय. निळी रेषा आपल्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातनं तिरकी जाते. बोअरचा पंप आणि पत्र्याचं शेड तिच्या आत, नाल्याच्या बाजूला. इमारतीचाही थोडा कोपरा आत जातो. बाकी सगळा प्लॉट निळी आणि लाल यांच्या मधे.

सुनीता वहिनी (ए-१०२): निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारं पाणी, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा. बरोबर ना?

मेघा (बी-३०१): बरोबर. जलसंपदा खातं त्या आखून देतं, महापालिका त्या नकाशावर घेते. नदी ते निळी हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल नियंत्रित.

अप्पा (ए-१): १०० वर्षांतनं एकदा म्हणे. दोन वर्षांत दोनदा आलं. पंचांग कुठलं बघतात?

मेघा (बी-३०१): अप्पा, "१०० वर्षांतनं एकदा" म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. यंदा आलं म्हणून पुढची ९९ वर्षं सुट्टी असं नसतंय.

अमित (बी-४०१): पण नदी कुठं, आपण कुठं! पंचगंगा इथनं दिसत पण नाही.

अप्पा (ए-१): अरे बाबा, आपल्याकडं पाणी नदीकडनं येत नाही. जयंती नाल्यातनं उलटं येतंय. नदी फुगली की नाल्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग मागच्या भिंतीखालनं गप शिरतंय. आवाज पण नाही. आधी पंपाजवळची झुरळं बाहेर पडतात.

सुनीता वहिनी (ए-१०२): निषिद्ध पट्टा म्हणजे तेवढ्या जागेवर पाणी सोडायचं का? आमचं क्षेत्रफळ कमी होणार?

मेघा (बी-३०१): नाही, तिथं लगेच घाबरू नका. यूडीसीपीआर, म्हणजे डिसेंबर २०२० ची राज्याची नियमावली (मुंबई सोडून), तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, निळ्या रेषेच्या आत जुनी अधिकृत इमारत असेल तर तिचा पुनर्विकास जलसंपदाच्या एनओसीनं होऊ शकतो. दुसरं, प्लॉटचा जो भाग निळ्या रेषेत जातो त्याचा एफएसआय (त्या जागेवर मिळणारं बांधकामाचं क्षेत्रफळ) उरलेल्या जागेवर वापरायला मिळू शकतो. आपल्याकडं मंजूर नकाशा आहे, भोगवटा आहे. फक्त मागचं पत्र्याचं शेड कुठल्याच नकाशात नाही.

सेक्रेटरी (ए-२०४): शेडचा विषय इथं नको.

अप्पा (ए-१): शेड सेक्रेटरींच्या स्कूटरचं आहे, नवीन भाडेकरूंसाठी सांगून ठेवतो.

अमित (बी-४०१): मग अडचण काय? सगळं होतंय की.

मेघा (बी-३०१): अडचण दुकानांची आहे. नियंत्रित पट्ट्यात बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर, म्हणजे साधारण दीड फूट. विकसकाच्या नकाशात लिहिलंय "जोते रस्त्यापासून १.५ मीटर", म्हणजे तळमजल्याची फरशी तेवढी वर. रस्त्यापासून! लाल रेषेचा आकडा त्या कागदावर कुठंच नाही.

अमित (बी-४०१): २०२१ ला ५६ फूट ३ इंच पाणी होतं. म्हणजे ५६ फुटावर दुकान काढायचं का 😂

मेघा (बी-३०१): तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या फूटपट्टीवरचा आकडा. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे त्याच पट्टीवरचं. पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमधे देतात. दोन्हींचा आपल्या उंबऱ्याशी थेट संबंध नाही. त्यासाठी सर्व्हेअर आणून आपल्या जमिनीची लेव्हल घ्यावी लागते.

अप्पा (ए-१): सर्व्हेअर येईल तेव्हा येईल. पार्किंगच्या तिसऱ्या खांबावर २०२१ च्या पाण्याची खूण आहे. आत्ता टेप लावला. फरशीपासून ४ फूट ७ इंच. आणि पार्किंग रस्त्यापेक्षा ८ इंच वर आहे.

सुनीता वहिनी (ए-१०२): थांबा. ४ फूट ७ अधिक ८ इंच म्हणजे रस्त्यापासून ५ फूट ३ इंच. त्यांचं जोतं १.५ मीटर म्हणजे ४ फूट ११ इंच. म्हणजे तेच पाणी परत आलं तर नव्याकोऱ्या दुकानात ४ इंच पाणी?

अमित (बी-४०१): 😳

मेघा (बी-३०१): आणि ते झालं २०२१ चं पाणी. लाल रेषा त्याच्या वर आहे की खाली, हे लेव्हल घेतल्याशिवाय मी बोलणार नाही. वर असली तर आणखी बिघडलं.

अमित (बी-४०१): मग मुरूम टाकून प्लॉटच उचलायचा. शेजारच्यांनी रात्रीत वीस डंपर टाकले की.

अप्पा (ए-१): म्हणूनच २०२१ ला आपल्याकडं एवढं चढलं असं माझं मत आहे. त्यांनी त्यांचं पाणी आपल्याकडं ढकललं, आता आपण पुढच्या गल्लीत ढकलायचं. कुंभारांची घरं आहेत तिकडं, गणपतीच्या ऐन तोंडावर पाणी येतं त्यांच्यात.

मेघा (बी-३०१): भराव नको. सरळ मार्ग म्हणजे खाली नुसतं पार्किंग, भिंती न घालता, पाणी येऊ दे जाऊ दे. लाइटचे मीटर, लिफ्टची मशिनरी, जनरेटर सगळं वर. दुकानं हवीतच तर पहिल्या मजल्यावर.

अमित (बी-४०१): पहिल्या मजल्यावरच्या दुकानाला भाव कोण देणार? प्रत्येकाला मिळणारं जादा क्षेत्रफळ त्या दुकानांच्या जिवावर आहे.

सुनीता वहिनी (ए-१०२): मग तसं सभेत उघड सांगू दे त्यांना. आणि सहकार कायद्यातल्या ७९-ए च्या नियमानं सोसायटीनं स्वतःचा सल्लागार नेमून फिजिबिलिटी रिपोर्ट (हे जमण्यासारखं आहे का, याचा अहवाल) घ्यायचा असतो ना, सेक्रेटरी? तो कुठाय?

सेक्रेटरी (ए-२०४): विकसकाच्याच आर्किटेक्टनं दिलाय.

सुनीता वहिनी (ए-१०२): वा.

सेक्रेटरी (ए-२०४): बरं. रविवारचा विषय बदलतो. प्रस्तावाला मंजुरी नाही, आधी आपला सल्लागार नेमायचा आणि लेव्हल घ्यायची. विकसकाला आजच कळवतो, नकाशावर लाल रेषेची पातळी लिहून पाठवा म्हणून. सर्व्हेअर शनिवारी सकाळी येऊ शकतो, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या काढा.

अमित (बी-४०१): अप्पा, एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी पेंटर येतोय, पार्किंगचे सगळे खांब रंगवायचे ठरलेत. ती खूण जाईल.

अप्पा (ए-१): रंगवू दे. खिळ्यानं कोरलीय.