कॅन्सरच्या बाईला मालिश करायला बोलावलंय. कुठं हात लावू, काय बोलू?

वडगावची अक्का

नमस्कार. बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग या भागात मी घरोघरी जाऊन मालिश करते, बावीस वर्षं झाली. सुरुवात बाळंतिणींपासून झाली, पुढं गुडघे, कंबर, अर्धांगवायूनंतरचे हातपाय. मधे सहा महिन्यांचा कोर्सही केला. पण आता जे समोर आलंय ते कोर्समध्ये नव्हतं.

खासबागेत एक बाई आहे, वय ४६. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मीच जात होते. घरात साड्यांचे माग आहेत. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता तो मणक्यात गेलाय. किमो थांबवली. तिच्या मालकांचा फोन आला, "अक्का, येऊन जरा पाठ चोळून द्या, रात्रभर झोपत नाही."

गेले. पाठीला हात लावायचा धीर झाला नाही. पायाशी बसून नुसत्या टाचा तळहातात धरून ठेवल्या. पुढच्या खोलीत माग चालू होता. मालकांनी तो बंद केला तर ती म्हणाली, "चालू दे, त्या आवाजानं बरं वाटतं." थोड्या वेळानं श्वास संथ झाला. मग डोळे मिटूनच तिनं विचारलं, "अक्का, संक्रांतीला मी उठून बसीन न्हवं?"

घरच्यांनी तिला "मणक्यात गॅप आहे" एवढंच सांगितलंय. सासूबाई दारातून हातानं नको नको करत होत्या. मी म्हटलं, "होईल गं सगळं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

भीतीला कारण आहे. काही वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या एका काकांची पोटरी सुजली होती. लचक समजून मी ती दोन दिवस चोळली. नंतर कळलं, शिरेत रक्ताची गुठळी होती. ते त्यातून वाचले, पण तो गरम पाय अजून माझ्या हाताला आठवतो.

तर कुठं हात लावायचा नाही? ती परत विचारेल तेव्हा काय बोलू? आणि अशा घरातून पैसे घ्यावेत का?

मिरजेच्या सिस्टर

अक्का, पाठीला हात लावला नाहीत हे फार बरं केलंत. मणक्यात कॅन्सर गेला की हाड ठिसूळ होतं, जोर दिला तर मोडू शकतं. पावलं, हाताचे पंजे, डोकं, एवढ्यावरच राहा. दाब किती, तर तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल घालताना ठेवता तेवढा. किमोनंतर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असतील तर साध्या दाबानंही काळंनिळं होतं, म्हणून शेवटचा रक्ताचा रिपोर्ट बघायला मागा. जिथं शेक (रेडिएशन) दिलाय त्या कातडीला तेल, बाम काही नको. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजला असेल तर ती सूज चोळून उतरत नाही, त्याची पद्धत शिकलेल्या फिजिओकडेच द्या. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी दिसली तर हात लावायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर. कापराचं तेल नेऊ नका, अशा पेशंटला वासानं उमळतं. साधं खोबरेल न्या.

एक गोष्ट घरच्यांना आजच सांगा. पाय अचानक जड पडले, कमरेखाली बधिर वाटलं किंवा लघवी अडली, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. मज्जारज्जूवर दाब येत असतो. लगेच उपचार मिळाले तर पाय वाचण्याची आशा असते, उशीर झाला तर गेलेली शक्ती बहुधा परत येत नाही.

पण खरी काळजी मला दुसरीच वाटते. ती रात्रभर झोपत नाही, म्हणजे औषध कमी पडतंय. ते तुमच्या हातानं भरून निघणार नाही. ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळीवर भागत नसेल तर मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या जोरदार वेदनाशामकाबद्दल विचारायला सांगा. लोक त्याला शेवटचं औषध समजून घाबरतात. मी वॉर्डात आणि घरभेटींत मिळून २६ वर्षं ते दिलंय. माणसं त्यावर जेवायला बसलेली, नातवाशी बोललेली बघितलीत. साधी गोळी दर ४ तासांनी, घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मग बहुतेकांची उतरते. बद्धकोष्ठ मात्र हमखास, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे वर्षानुवर्षं हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवायला कचरत. २०१४ मध्ये कायदा बदलला, आता मान्यता मिळालेल्या हॉस्पिटलला ते ठेवता येतं. गल्लीतल्या मेडिकलमध्ये शोधत फिरू नका. पॅलिएटिव्ह (गंभीर आजारातला त्रास कमी करणारा) किंवा वेदना विभाग कुठं आहे ते विचारा, नसेल तर कॅन्सर विभागात.

आता तिचा प्रश्न. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांना सांभाळणारं घर, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. दुखणं म्हणजे शरीर, मन, घरची काळजी आणि देवाशी चाललेलं भांडण हे सगळं एकत्र, असं त्या मांडत. रोगाचं नाव सांगणं तुमचं काम नाही, पण खोटंही बोलू नका. उलट विचारा, "संक्रांतीचं का गं मनात आलं?" आणि गप्प बसा. जे निघेल ते ऐका. ती विचारतेय, हे मालकांना आणि डॉक्टरांना कळवा.

पैसे घ्या. फुकट जाल तर चार दिवस जाल. तिला तुम्ही पुढचे कित्येक आठवडे लागणार आहात.

निपाणीकर

माझे वडील, आमचे दादा, तंबाखूच्या वखारीत होते, तोंडाच्या कॅन्सरनं गेले. उपचार कोल्हापूरला, घर इकडं, त्यामुळं इकडच्या दवाखान्यात प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगायला लागायचं. कुणीतरी सांगितलं म्हणून एकाकडून काढा आणि भस्म आणलं, १८,००० रुपये गेले. त्यानं आधीची औषधं बंद करायला सांगितली आणि आम्ही केली. दादा चार रात्री ओरडत होते. ते अजून डोक्यातून जात नाही. काढा द्यायचाच असला तर डॉक्टरांना दाखवून द्या, आणि चालू औषध बंद करा म्हणणाऱ्याला उंबऱ्यातूनच परत पाठवा.

गालाच्या जखमेला वास यायचा, त्यामुळं पाहुणे दारातूनच जायचे. एका नर्सनं डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची पूड जखमेवर टाकायला शिकवलं. चार-पाच दिवसांत वास खूप कमी झाला. मग आमचा न्हावी यायला लागला. जखमेची बाजू सोडून दुसरा गाल भादरायचा, डोक्याला हलकं तेल लावायचा, वखारीतल्या जुन्या गोष्टी काढायचा. दादांना बोलता येत नव्हतं, पण बुधवार आला की आरसा मागून घ्यायचे. म्हणून सांगतो अक्का, तुम्ही जा.

वडगावची अक्का

तीन आठवड्यांनी लिहितेय. सिस्टर, तुमचं लिहिलेलं मालकांना वाचून दाखवलं. ते कितीतरी वेळ मागाच्या फळीला धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन गेले. मॉर्फिन सुरू झालं. दोन दिवस ती गुंगीत होती, सासूबाई घाबरल्या, मी थांबायला सांगितलं. तिसऱ्या रात्री तिनं सलग पाच तास झोप काढली.

मी आठवड्यातून तीनदा जाते, वीस मिनिटं, पावलं आणि पंजे. पैसे नेहमीपेक्षा निम्मे घेते, असं आमचं ठरलं.

परवा तिनं पुन्हा संक्रांत काढली. मी तुम्ही सांगितलं तसं विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "मला माहीत आहे गॅप नाही ते. ह्यांना सांगू नका मला कळलंय म्हणून, रडतील. धाकटीला हळदीकुंकवाचं वाण मी असतानाच आणून ठेवायचं आहे." काय आणायचं ते तिनंच सांगितलं, स्टीलच्या छोट्या वाट्या, एकवीस. शनिवार खूट भागातून मी आणि धाकटी मिळून आणल्या. एकेक वाटी हातात घेऊन तिनं काठ तपासला, दोन बदलून आणायला लावल्या.

मालकांना मी एवढंच सांगितलं, "तिच्याशी बोला, ती तुमच्यापेक्षा घट्ट आहे." काल गेले तेव्हा माग बंद होता आणि दोघं आत होती. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. थंडीनं तेल गोठलं होतं, सासूबाईंनी बाटली उन्हात आणून ठेवली.