डीएनएची कॉपी उलट्या दिशेने का होत नाही? (बारावी)

जांभूळ
बारावी सायन्स, लातूर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे माझा अर्धा वेळ शब्दांतच जातो. डीएनएच्या धाग्यातल्या चार बेस-अक्षरांपैकी ए समोर टी, जी समोर सी, दोन बंध-तीन बंध, एका वळशात साधारण १० जोड्या, वळशाची लांबी ३.४ नॅनोमीटर, सगळं पाठ आहे. अडलंय रेप्लिकेशन फोर्कपाशी, म्हणजे कॉपी होताना दोन धागे जिथे उलगडतात तिथे. एक धागा सलग तयार होतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांत, कारण काय तर पॉलिमरेज (नवा धागा वाढवणारं एन्झाइम) फक्त ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे चालतं. क्लासमध्ये "का?" विचारलं तर "मार्कांपुरतं लिही" असं उत्तर मिळालं. एवढी भानगड करण्यापेक्षा उलट चालणारं दुसरं एन्झाइम का नाही? आणि हे ५ नि ३ नक्की कशाचे आकडे?

बोरकूट
सोपं आहे. दोन पॉलिमरेज असतात, एक सरळ धावतं आणि दुसरं उलट. म्हणून दोन्ही धाग्यांची कॉपी एकाच वेळी होते.

जेलवाली
बोरकूट, नाही हो. एकाच वेळी होते हे खरं, पण उलट धावणारं कुणी नाही. दोन्हीकडचं पॉलिमरेज नवा धागा ५ प्राइमकडून ३ प्राइमकडेच वाढवतं.

जांभूळ, मी शिक्षिका नाही. पुण्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोजचं काम पीसीआर लावायचं (नळीत डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या) आणि जेल चालवायचं (ते तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून बघायचे). हे ५-३ प्रकरण मला पुस्तकाने नाही, एका फजितीने शिकवलं, ती सांगतेच.

आधी आकडे. डीऑक्सिरायबोज ही पाच कार्बनची साखर. कार्बनना नंबर दिलेत. पहिल्यावर ए-टी-जी-सीपैकी एक बेस लटकतो, तिसऱ्यावर ओएच, पाचव्यावर फॉस्फेट. बेसच्या अणूंनाही १, २, ३ नंबर असतात, गोंधळ नको म्हणून साखरेच्या आकड्यांना 'प्राइम' लावायचं. बास, एवढंच आहे ते. एकाचा पाचवा कार्बन फॉस्फेटमधून पुढच्याच्या तिसऱ्याशी जोडलेला, अशी ओळ लागते. मग ओळीच्या एका टोकाला ५ प्राइम मोकळा उरतो, दुसऱ्या टोकाला ३ प्राइम. समोरचा धागा उलटा पडलेला असतो, एकाचं डोकं तिथे दुसऱ्याचे पाय.

आता फजिती. नोकरीचं पहिलं वर्ष. एका तुकड्यासाठी दोन प्रायमर (कॉपी जिथून सुरू होते ते छोटे धागे) मागवायचे होते. डाव्या टोकाचा बरोबर लिहिला. उजव्या टोकाला धागा होता ५ प्राइम जी-ए-टी-टी-सी ३ प्राइम (खरा प्रायमर विसेक अक्षरांचा, इथे पाचच घेते). मी जोड्या लावल्या, सी-टी-ए-ए-जी, आणि तसंच फॉर्मवर उतरवलं. पण फॉर्मवर डावीकडून लिहिलं की ते ५ प्राइमपासून धरतात. माझी ओळ ३ प्राइमपासून सुरू होत होती. मागवायला हवं होतं जी-ए-ए-टी-सी. चार दिवसांनी नळ्या आल्या, पीसीआर लावला, जेलवर कोरा अंधार. तापमान बदललं, मॅग्नेशियम वाढवलं, आठवडा घालवला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी कागद बघून विचारलं, "उलटा केलास का गं?"

आता तुझा मुख्य प्रश्न. जोडणी करायला ऊर्जा लागते. ती कुठून येते? प्रत्येक नवा न्यूक्लिओटाइड (धाग्याची एक कडी: साखर, बेस, फॉस्फेट) तीन फॉस्फेट घेऊन येतो. जोडताना त्यातले दोन तुटतात आणि त्या तुटण्यातून काम होतं. एसटीत चढणारा प्रत्येक जण तिकिटाचे पैसे आपल्या खिशात घेऊन येतो, तसं. चुकीचा माणूस चढला (ए समोर सी वगैरे) तर पॉलिमरेज त्याला उतरवतं. बिघडत काही नाही, पुढचा येईल तो आपले पैसे आणेलच.

उलट दिशेने वाढवायचं म्हटलं तर तीन फॉस्फेट वाढत्या टोकावर असायला लागतील, म्हणजे पुढच्याचे पैसे शेवटी बसलेल्याच्या खिशात. त्याला चूक म्हणून उतरवलं की पैसे त्याच्याबरोबर गेले आणि गाडी तिथेच थांबली. दुरुस्ती करायची सोय राहत नाही. म्हणून दिशा एकच, असं याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण आहे, आणि मला ते पटतं.

मग मागे पडणाऱ्या, म्हणजे तुकड्यातुकड्यांत होणाऱ्या, धाग्यावर काय करतात? हेलिकेज नावाचं एन्झाइम दोन धागे थोडे उघडतं, प्रायमेज हे दुसरं एन्झाइम आरएनएचा छोटा प्रायमर ठेवतं, पॉलिमरेज फोर्ककडे पाठ करून तेवढा भाग भरतं. आणखी उघडलं की परत नवा प्रायमर. नंतर आरएनए काढून तिथे डीएनए भरतात आणि लायगेज सांधे जोडतं. आमच्या पीसीआरमध्ये हे तुकडे नसतात. ९५ अंशांना तापवून धागे सरळ वेगळेच करतो, मग दोन्हीकडून सलग भरत जातं.

सुंभ
जेलवालीताईंनी तुकडे सांगितले, नाव राहिलं: ओकाझाकी फ्रॅगमेंट्स. जपानच्या नागोया विद्यापीठातले रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी, नवरा-बायको, १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी हे दाखवलं. रेइजी मूळचे हिरोशिमाचे, बॉम्ब पडला तेव्हा शाळकरी वयाचे. १९७५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेले, पुढचं काम त्सुनेकोबाईंनी नेलं. जिवाणूत हे तुकडे १००० ते २००० अक्षरांचे, माणसात १०० ते २०० च्या आसपास.

माझे वडील दोर वळायचे, म्हणून एक प्रयोग. दोन पदरांचा दोर घे, दोन्ही टोकं घट्ट बांध आणि मधूनच पदर वेगळे करायला लाग. पुढचा पीळ आवळत जाऊन दोराला गाठी पडतील. पेशीतही नेमकं हेच होतं. तिथे टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम धागा कापतं, पीळ सैल करतं आणि परत सांधतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, इथे मात्र घालवावाच लागतो.

बोरकूट
चूक मान्य. पण एवढा खटाटोप म्हणजे वेळ किती जात असेल!

जेलवाली
ई. कोलाय या जिवाणूचा हिशोब करा. ४६ लाख जोड्या, वर्तुळाकार डीएनए, एका जागेपासून दोन फोर्क दोन दिशांना निघतात. प्रत्येकाच्या वाट्याला २३ लाख. सेकंदाला साधारण १००० चा वेग धरला तर २३०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटांच्या आत.

जांभूळ, आता तू कर: ५ प्राइम ए-टी-जी-सी-सी-ए ३ प्राइम. समोरचा धागा फॉर्मवर कसा लिहिशील?

जांभूळ
टी-ए-सी-जी-जी-टी.

जांभूळ
थांबा थांबा. उलटा करायचा राहिला. ५ प्राइम टी-जी-जी-सी-ए-टी ३ प्राइम.

जेलवाली
माझा आठवडा गेला होता, तुझं मिनिटात झालं. मागव.