हँक मोब्ली : गोल आवाजाचा माणूस

हँक मोब्ली हा अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक. तो सॉनी रॉलिन्स आणि जॉन कोल्ट्रेन या बड्या सॅक्सोफोनवादकांच्या सावलीत राहिला असं म्हणतात, ते पटलं. पण त्याचा आवाज 'मऊ, म्हणून कमी' असंही म्हणतात, ते अजिबात पटलं नाही.

आम्ही सांगलीकर. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलीय. तारेखालचा दोरा केसभर सरकतो आणि कोरडा आवाज एकदम भरून येतो. मोब्लीचा टेनर सॅक्सोफोन तसा आहे. त्याचा १९६० चा 'सोल स्टेशन' हा अल्बम लावा, पहिलंच गाणं 'रिमेंबर'. मागे आर्ट ब्लेकीसारखा दणदणीत ड्रमर असूनही हा कुठे ओरडत नाही. ठेक्याच्या किंचित मागे रेलून बोलल्यासारखा वाजवतो, आणि समेवर अलगद येतो. (सम हा आपला शब्द, पण इथे दुसरा सुचत नाही.)

१९६१ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'समडे माय प्रिन्स विल कम' या गाण्यात आधी मोब्ली वाजवतो, नंतर कोल्ट्रेन. सगळे कोल्ट्रेनबद्दलच बोलतात. मी मात्र सुई पुन्हा मोब्लीवर नेतो.

पुढे फुप्फुसांनी साथ सोडली, वाजवणं सुटलं. १९८६ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, फिलाडेल्फियात गेला. फार हळहळ वाटते. आज रात्री 'सोल स्टेशन' पुन्हा पहिल्यापासून ऐकणार आहे.