गाडी ठणठणीत आहे, मग गिऱ्हाईक का नाही?

सावईवेरेकर
काल इथेच एकाने लिहिलं, "जुनी गाडी खरंच चांगली असती तर एव्हाना गेली असती. वर्षभर पडून आहे म्हणजे एकतर गाडीत खोट, नाहीतर मालकाच्या डोक्यात किंमत." रात्री झोप लागली नाही मला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी प्रीमियर पद्मिनी १९७८ची. बाबांनी नवी घेतली, आजवर घराबाहेरच्या कुणाच्या नावावर गेली नाही. गोवा, दमण, दीव एकत्र असतानाचा जीडीचा जुना नंबर, मूळ १०८९ सीसीचं इंजिन, गिअर अजून स्टिअरिंगच्या दांड्यालाच. आम्ही पर्वरीला राहायचो तेव्हा, १९८६च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला. त्यानंतर बाबा हीच गाडी बेतीला फेरीबोटीत चढवून पणजीला कामावर जायचे. गेली चौदा वर्षं मी सांभाळतोय. दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो, दसऱ्याला हार घालतो, पावसात पोर्चमधून बाहेर काढत नाही.

साडेतीन लाख सांगितलेत. चौदा महिन्यांत अकरा जण येऊन गेले. पोराला स्टिअरिंगवर बसवलं, हॉर्न वाजवला, फोटो काढले आणि "कळवतो" म्हणून गेले. एकाने नव्वद हजार सांगितले, तेही गेटपाशी उभं राहून, बॉनेट न उघडता.

माझं म्हणणं एवढंच: माणसं किमतीला घाबरत नाहीत, सांभाळायला घाबरतात. प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच असतो, "बिघडली तर कोण करतो?" आमचा मेस्त, म्हणजे मेकॅनिक, चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्यानंतर कार्बुरेटर उघडून साफ करून परत तसाच बसवणारा माणूस मला फोंड्यात मिळालेला नाही. याला गाडीतली खोट म्हणायचं का?

बार्देसकर
ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेत नाही.

सावईवेरेकर बाब, तुम्ही चौदा वर्षांची माया किमतीत धरताय. समोरच्याने ती का मोजावी? साडेतीन लाखांत एसी, पॉवर स्टिअरिंग असलेली सेकंडहँड गाडी मिळते आणि म्हापशातला कुठलाही मेकॅनिक तिला हात लावतो. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सहासष्ट नंबरच्या हायवेवर पुढचा ट्रक अचानक थांबला तर काय होईल ते मला सांगायला नको. बँक अशा गाडीवर कर्ज देत नाही, विमावाला तिची किंमत धरत नाही. म्हणजे घेणाऱ्याने सगळे पैसे रोख मोजायचे आणि उद्या कुणी ठोकली तर हात चोळत बसायचं. किंमत उतरवा, आठवड्यात जाईल.

आडपईची सून
बार्देसकर दादा, किंमत उतरवूनही जात नाही. माझ्या सासऱ्यांची मॉरिस मायनर आहे, पोर्तुगीज अमदानीत बोटीतून उतरलेली. आम्ही दीड लाखावर आलो होतो तरी कोणी घेतली नाही.

अडतं ते कागदांवर. पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१मध्ये विंटेजचा नियम आला. आम्हाला आनंद झाला, की चला, सरकारने दखल घेतली. मग नीट वाचला. नव्याने नोंदणी केली तर वीस हजार, दहा वर्षांनी परत पाच हजार, ते एक वेळ ठीक. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यासाचं काम, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच. एक कुटुंब अगदी ठरवून आलं होतं. मुलीला रविवारी मंगेशीला घेऊन जाईन म्हणत होते ते गृहस्थ. हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. ज्याला चालवायची आहे त्याने नुसती दाखवायला म्हणून का घ्यावी?

आणि तुमची १९७८ची म्हणजे पन्नासही पुरी नाहीत. ती विंटेजमध्ये बसत नाही आणि साधं नूतनीकरण महाग. २०२२च्या एप्रिलपर्यंत सहाशे रुपयांत व्हायचं, मग पाच हजार झाले, २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवा आणि भरा. गिऱ्हाईक हा हिशोब करूनच येतं.

कळंगुटकर
कागद, ब्रेक सगळं खरं, पण मुख्य गोष्ट कुणी बोलत नाही. जुन्या गाडीला गोव्यात एकच गिऱ्हाईक उरलंय, प्री-वेडिंगवाले. पांढरी गाडी, मागे जुनं घर, पुढे नवरा-नवरी. माझ्या काकांची अॅम्बॅसेडर अशांनी एका दिवसासाठी भाड्याने नेली. नवरीला बॉनेटवर बसवलं. बॉनेटला खळगा पडला आणि भरपाई मागितली तर म्हणाले जुनाच होता. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही हे यांना ठाऊक असतं, म्हणूनच काकांना तक्रारही करता आली नाही. शेवटी त्यांनी ती गाडी मिळेल त्या भावाला रायबागच्या माणसाला दिली. या फोटोवाल्यांमुळेच भाव पडलेत.

बार्देसकर
खळग्याचं वाईट वाटलं, पण त्यात बाजारभावाचा काय संबंध?

वर्कशॉप मडगाव
तीस वर्षं गॅरेजात काढली आहेत, त्या अधिकाराने लिहितो, राग मानू नका. सावईवेरेकर भाऊ, "दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो" हे वाचून मी कपाळाला हात लावला.

उभ्या गाडीत इंजिन दहा मिनिटं चालवलं की तेल धड तापत नाही. आत जमलेलं पाणी उडून जात नाही, तेलातच मिसळतं. सायलेन्सरमध्येही पाणी साचतं आणि तो आतून सडतो. ब्रेकचे सिलिंडर हलत नाहीत, क्लचची प्लेट चिकटते, टायर एकाच जागी दबतात. तुम्ही सांभाळत नाही आहात, हळूहळू मारताय. गाडी आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर पळाली पाहिजे, तीही तिसऱ्या-चौथ्या गिअरात. झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा मी रोज बाजाराला जाणारी खरचटलेली गाडी घेईन.

कार्बुरेटर
पळवायची कशावर? वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर? सगळीकडे आता तेच मिळतं. २०३०चं उद्दिष्ट होतं, ते २०२५वर आणलं, जुन्या गाडीवाल्यांना कोणी विचारलं? माझ्या १९८४च्या पद्मिनीच्या फ्युएल पंपाचा पडदा दोन वर्षांत दोनदा गेला. दुसऱ्या वेळी अनमोडच्या घाटात. बायको, दोन मुलं आणि आई गाडीत, बाहेर पाऊस. इंजिन ओढेना, मग बंदच पडलं. पडदा काढून पाहिला तर फुगून लिबलिबीत झालेला. त्या रात्रीनंतर मी गाडी लांब नेलेली नाही. तुम्ही म्हणता पळवा. माझ्या आईला विचारा.

वर्कशॉप मडगाव
पडदा जुन्या रबराचा असणार. इथेनॉलला टिकणारा मिळतो, पाइप वायटन रबराचे घाला. महाग पडतात पण एकदाच. टाकीत जुना गंज असेल तर इथेनॉल तो सोडवून फिल्टरमध्ये आणतं, म्हणून पहिले दोन-तीन महिने फिल्टर बदलत राहायचं. यात गाडी बंद करून ठेवण्यासारखं काही नाही.

उलट इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गोव्याच्या पावसाळ्यात अर्धी टाकी भरून गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभी ठेवलीत, तर त्रास उभी ठेवल्यानेच होणार.

कार्बुरेटर
म्हणजे चूक माझीच? मी काय पेट्रोलमध्ये पाणी ओतलं? तीस वर्षं गॅरेजात काढली म्हणून घाटात माझ्या पोरांबरोबर तुम्ही भिजत नव्हता. तुम्हा लोकांचं हे नेहमीचं. गाडी बिघडली की मालकाचा दोष, दुरुस्त झाली की गॅरेजवाल्याचं कौशल्य.

वर्कशॉप मडगाव
मी तुमचा दोष काढला नाही, कारण सांगितलं. तुम्हाला ऐकायचं नसेल तर राहू द्या.

आडपईची सून
भांडू नका हो. दोघांचंही खरं आहे. आमची मॉरिस सासरे असेपर्यंत रोज फोंड्याला जायची आणि कधी रस्त्यात उभी राहिली नाही. ते गेल्यावर आम्ही अंगणात ताडपत्री घालून ठेवली, जपली म्हणून. जुवारीचं खारं वारं आणि ताडपत्रीखालची वाफ, तीन पावसाळ्यांत दारांच्या खालच्या पट्ट्या गेल्या. ताडपत्री अंगाला घट्ट बांधायची नसते हे नंतर कळलं. मला त्या ताडपत्रीचा अजून राग येतो.

बार्देसकर
बघा, हेच मी म्हणत होतो. "चांगली ठेवलेली" याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. मालकाला रंग दिसतो, गिऱ्हाईकाला गंज. मग गिऱ्हाईक पळालं तर त्याला नावं का ठेवायची?

सावईवेरेकर
माझ्या गाडीला गंज नाही. तिच्यासाठी मी काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली तेव्हा सगळे हळहळले, मीही हळहळलो, आणि तिकीट काढून कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो. दोन दिवस फिरून दारांची रबरं, एक डिस्ट्रिब्युटर कॅप आणि मागचा दिवा घेऊन आलो. दिवा बसमध्ये मांडीवर धरून आणला, फुटू नये म्हणून. आणि इथे बसून कोणी तरी लिहिणार की खोट असेल.

वर्कशॉपवाल्यांचं रविवारचं म्हणणं मात्र मनाला लागलं. मला खरंच वाटत होतं की मी चांगलं करतोय.

वर्कशॉप मडगाव
भाऊ, एकच विचारतो. पायाखालचं रबरी मॅट शेवटचं कधी उचललंत? नुसतं झटकून नाही, त्याखालचं कापड आणि डांबरी थरसुद्धा. काचेच्या रबरातून थेंब थेंब आत आलेलं पाणी तिथे जाऊन बसतं. वरून गाडी आरशासारखी असते. मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चारही कोपऱ्यांत पत्रा दाबून पाहा. टणक आवाज आला तर साडेतीन लाख मागा, मी स्वतः गिऱ्हाईक शोधून देतो.

कळंगुटकर
काकांच्या अॅम्बॅसेडरचंही तसंच झालं होतं. पण बॉनेटचा खळगा त्या लोकांनीच केला.

सावईवेरेकर
आज सकाळी उचललं. लिहायला संध्याकाळ झाली कारण मध्ये हात चालेना.

पुढच्या दोन्ही बाजू आणि मागची उजवी, आवाज टणक. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे लहानपणी मी पाय ठेवायचो, कापड ओलं होतं. स्क्रूड्रायव्हर दाबला आणि तो खालपर्यंत गेला. खाली पोर्चची फरशी दिसली. तळहाताएवढा तुकडा आहे. आजूबाजूलाही पत्रा पापडासारखा झालाय.

बार्देसकर, तुमच्या वाक्यातलं खोटीचं अर्धं मान्य. अर्धंच. ती खोट अकरांपैकी एकालाही दिसलेली नव्हती, कोणी खाली वाकलंच नाही. ते खोट पाहून परत गेले नाहीत.

बार्देसकर
तेवढं बरोबर आहे. न वाकता नव्वद हजार सांगणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

वर्कशॉप मडगाव
तळहाताएवढा असेल तर घाबरू नका. तेवढा कापून नवा पत्रा वेल्डिंग करायचा. कुणी पुटी आणि फायबर लावून देतो म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा, ते सहा महिन्यांत सुटतं आणि पुढचं गिऱ्हाईक तुम्हाला लबाड म्हणतं. पण आधी मागच्या काचेचं रबर बदला, नाहीतर नवा पत्राही जाईल. माझ्याकडे एक मेस्त आहे, वय बहात्तर, फक्त सकाळी येतो. कार्बुरेटरही तोच उघडतो. गाडी टो करून आणू नका, चालवत आणा.

कार्बुरेटर
त्या मेस्तला माझा पंपही दाखवेन म्हणतो. इथेनॉलबद्दलचं माझं मत तेच आहे.

सावईवेरेकर
गुरुवारी सकाळी निघतो, बोरीमार्गे. जाहिरात तोपर्यंत काढून ठेवली आहे. परत टाकेन तेव्हा भोकाचा आणि नव्या पत्र्याचा, दोन्ही फोटो टाकेन. किंमत तीन लाख.

आडपईची सून
बोरीच्या पुलाआधी आडपईचा फाटा लागतो. दहा मिनिटं थांबाल का? मॉरिस एकदा बघून जा. ताडपत्री काढून ठेवते.