उबुंटू २२.०४ वर ॲपइमेज उघडेना, लिबफ्यूज मागतंय

गोंधळी_गणपा:
मंडळी जरा मदत हवीये. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ टाकलंय, बाकी मस्त चाललंय, पण नोट्स काढायचं एक ॲप ॲपइमेज (इन्स्टॉल न करता थेट चालणारी एकच फाइल) म्हणून उतरवलं ते काही केल्या उघडेना. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एक्झिक्युटची टिक केली, डबल क्लिक केलं, ढिम्म, एररसुद्धा नाही. टर्मिनलमधून चालवलं तेव्हा कुठे कळलं की लिबफ्यूज.एसओ.२ नावाची लायब्ररी फाइल सापडत नाहीये. मग मी सरळ 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्यूज' मारलं तर ही ही पॅकेजेस काढली जातील म्हणून ही मोठी यादी आली, त्यात फ्यूज३ होतं आणि उबुंटू-डेस्कटॉपपण, घाबरून एन दाबलं. बरोबर केलं ना? आणि ॲपइमेजला वरून काही लागत नाही असं ऐकलेलं, मग हे काय मधेच?

जुना_पेंग्विन:
वाचलात! तुम्हाला फ्यूज नकोय, लिबफ्यूज२ हवंय, दोन्ही वेगळी पॅकेजेस आहेत. २२.०४ मध्ये फ्यूज३ आधीपासून असतं आणि जुनं फ्यूज त्याच्यासोबत नांदत नाही, म्हणून ॲप्ट (पॅकेजेस टाकणारा-काढणारा प्रोग्राम) एकाला ठेवायला दुसऱ्याला काढतं आणि फ्यूज३ च्या आधारावर उभं असलेलं अर्धं डेस्कटॉप त्याच्याबरोबर जातं. लिबफ्यूज२ ही नुसती लायब्ररी, ती फ्यूज३ शेजारी गुपचूप बसते.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबफ्यूज२

शेवटचा २ चिकटून, मधे स्पेस नको. पॅकेज सापडलं नाही तर युनिव्हर्स रेपो (उबुंटूचं पॅकेजेसचं एक जादा भांडार) चालू आहे का बघा.

आणि ॲपइमेजमध्ये सगळं असतं हे खरंच आहे हो, पण ते सगळं आत स्क्वॉशएफएस नावाच्या दाबलेल्या फाइल सिस्टममध्ये भरलेलं असतं, चालवताना ते माउंट करायला, म्हणजे ड्राइव्हसारखं जोडायला, फ्यूज लागतं. म्हणजे डबा भरलेला आहे पण झाकण उघडायचा चमचा तुमच्या घरचा. हल्ली काही ॲपइमेज नवीन रनटाइमने (ॲपइमेज सुरू करणारा आतला छोटा प्रोग्राम) बनवतात त्यांना हे लिबफ्यूज२ लागत नाही, तुमची जुन्या पद्धतीची असणार.

वाय_दाबणारा:
मी वाय दाबला होता 😭 यादी वाचलीच नाही, रिबूट केल्यावर नुसती काळी स्क्रीन. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टर्मिनल मिळालं, फोन यूएसबीला लावून नेट घेतलं आणि उबुंटू-डेस्कटॉप परत इन्स्टॉल केलं, रात्रीचा दीड वाजला. काढल्या जाणाऱ्यांची यादी आली की आधी ती वाचायची, मग बाकी.

चहा_बिस्कीट:
२४.०४ वाल्यांसाठी: तिथे पॅकेजचं नाव लिबफ्यूज२टी६४ झालंय. २०३८ साली ३२ बिटांत मोजलेला वेळ संपतो ना, त्यासाठी टाइम ६४ बिटांचा केला, तेव्हा ढीगभर लायब्रऱ्यांच्या शेपटीला टी६४ लागलं. त्यानंतरही एखादं ॲप सँडबॉक्सच्या (ॲपला बाकी सिस्टमपासून वेगळं ठेवणारं कुंपण) नावाने रडलं तर तो ॲपआर्मरचा, म्हणजे उबुंटूच्या सुरक्षा-नियमांचा, वेगळा विषय आहे, लिबफ्यूजला शिव्या घालू नका. आणि काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर ॲपइमेजला हायफन हायफन ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट देऊन चालवा, स्क्वॉशएफएस-रूट नावाचा फोल्डर तयार होतो, त्यातलं ॲपरन चालवायचं. जागा जास्त खातं, पण चालतं.

गोंधळी_गणपा:
लिबफ्यूज२ टाकलं, या वेळी यादीत काढायचं काहीच नव्हतं, दोनदा वाचून वाय दाबला. उघडलं एकदाचं! धन्यवाद सगळ्यांना. आता त्यात मराठी टाइप होत नाहीये, पण त्यासाठी वेगळा धागा काढतो.