मदत हवी आहे: बोटांच्या सांध्यांची सोनोग्राफी, दोन रिपोर्टमध्ये तफावत

आईच्या दोन्ही हातांना झिजेचा संधिवात आहे. शेवटच्या पेरांच्या सांध्यांवर टणक गाठी आल्यात, अंगठ्याचं मूळही दुखतं. कुलपात किल्ली फिरवताना तिचा चेहरा बघवत नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवातासाठीच्या रक्ततपासण्या) दोन्ही निगेटिव्ह. पण उजव्या मधल्या बोटाचा मधला सांधा अधूनमधून लाल होऊन सुजतो, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली.

पहिल्या रिपोर्टमध्ये त्या सांध्याला ऑस्टिओफाइट (हाडाच्या कडेची वाढ) ग्रेड ३, सांध्याच्या अस्तराची सूज ग्रेड २, पॉवर डॉपलर (दाहामुळे वाढलेला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) ग्रेड २ (ग्रेड ० ते ३ असतात, ३ सर्वात जास्त). काही आठवड्यांनी दुसरीकडे केली, तर सूज १ आणि डॉपलर चक्क ०. दुखणं मात्र तसूभरही कमी नाही.

दुसऱ्या वेळी मी शेजारीच उभी होते. जेल जेमतेम लावलं होतं आणि प्रोब इतका दाबून धरला होता की बोटाची कातडी पांढरी पडत होती. अशा दाबाने बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसत नाही, असं नंतर वाचलं. हात गार असले तरी तेच होतं म्हणे, आणि आईचे हात त्या दिवशी एसीमुळे गारठलेलेच होते. मग हा शून्य म्हणजे दाह खरंच ओसरला, की तपासणीत निसटला?

एवढी चिकित्सा करतेय कारण पुढचे उपचार यावर अडलेत. हाताच्या झिजेत दाहाच्या खुणा असलेल्या रुग्णांना ६ आठवडे रोज १० मिग्रॅ प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) दिल्यावर वेदना कमी झाल्या, असा नेदरलँड्सचा अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. डॉक्टर त्याच दिशेने विचार करत होते, दुसरा रिपोर्ट पाहून थांबले. स्टेरॉइड उगाच पोटात जाऊ नये हे मलाही पटतं, पण चुकीच्या शून्यामुळे तिने दुखणं काढत बसावं हे नाही पटत.

घरातले काही जण पहिला रिपोर्ट धरून “हा आमवातच” म्हणतात. झिजेतही सांध्याच्या अस्तराला दाह होतो, डॉपलर उमटला म्हणून आमवात ठरत नाही, असं मी समजते. तिची मनगटं आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे अगदी मोकळे आहेत. यात काही चुकत असेल तर सांगा.

अजून एक. ध्वनिलहरी हाडातून पार जात नाहीत, त्यामुळे कडेची वाढ छान दिसते, पण सांध्याच्या मधोमध हाड खाल्लं गेलं असेल तर ते झाकलेलं राहतं ना? मग सोबत साधा एक्स-रे मागून घ्यावा का?

सोनोग्राफी करणारे किंवा संधिवाताचे डॉक्टर इथे असतील तर कृपया सांगा: तिसऱ्यांदा करायची झाल्यास पहिल्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करावी का? आणि सांधा लाल असेल त्याच दिवशी जावं का?